उंच आणि कोरडी जागा

मी घाटावरचा. कुलाबा जिल्ह्यात ग्रामसेवक म्हणून नेमणूक झाली तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि पाऊस म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे पाऊस येतो आणि जातो. म्हसळ्याच्या बाजूला तो येतो आणि मुक्काम करतो. पहिल्याच वर्षी माझ्या चामडी पट्ट्यावर बुरशी आली, रजिस्टरची पानं एकमेकांना चिकटली, आणि काडी ओढली की पेटायच्या ऐवजी तिचा गुलच गळून पडायचा. पण मी लोकांना शहाणं करायला आलो होतो. त्यामुळे त्यांच्याकडून काही शिकावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी राहायचो ते गाव खाडीकाठी होतं. भात पोटरीला आलं की उंदीर सुटायचे. ते नुसतं भात कापत नसत, बांधही पोखरत. बांध फुटला की खाडीचं पाणी शेतात, आणि मग दोन-तीन वर्षं त्या जमिनीत धड काही पिकत नसे. म्हणून भादव्यात तालुक्याहून पावडर आली. जस्तापासून केलेलं उंदरांचं औषध. शिसपेन्सिलीच्या चुऱ्यासारखं काळपट, आणि पुडी उघडली की लसणासारखा वास. ती कशी वापरायची याचं आम्हाला एक दिवसाचं शिक्षण मिळालं होतं आणि एक छापील पत्रक.

एका घराच्या अंगणात मी प्रयोग करून दाखवला. घरात तिघंच माणसं: शेतकरी, त्याची आई आणि बायको. गाव जमलं होतं. मी नाकाला रुमाल बांधला, वाऱ्याकडे पाठ केली, आणि सांगितलं की पहिले दोन दिवस बिळाशी नुसत्या कण्या ठेवायच्या, गोड्या तेलाचं बोट लावून. उंदीर संशयी असतो, त्याची भीड चेपली पाहिजे. पावडर तिसऱ्या दिवशी.

म्हातारी ओटीवरून म्हणाली, "एवरी कौतिकं तं आमी जावयाची पन न्हाय केली."

सगळे हसले, मीही हसलो. मग काठीने कालवून दाखवलं. हात लावायचा नाही, कालवताना विडी ओढायची नाही, कोंबड्या डालून ठेवायच्या, मेलेले उंदीर खोल पुरायचे, नंतर साबणाने हात धुवायचे. मी हे सगळं छान सांगितलं. माझा आवाज चांगला होता आणि मला तो आवडायचा.

लोक उठायला लागले तेव्हा घरातली सून दारातून पुढे आली आणि तिने विचारलं, "उरल्याली पुडी कुठं ठेवायची?"

सबंध सकाळीत कामाचा प्रश्न तेवढा एकच विचारला गेला. पत्रकात त्याचं उत्तर होतं: राहत्या घरापासून दूर, वेगळ्या जागी, कुलपात. त्या गावात कुलूप म्हणून एक शाळेला होतं. माणसांनाच एक खण आणि गुरांना एक, तिथे वेगळी जागा कुठली? कुलपाचं नाव काढलं तर लोक हसतील असं मला वाटलं, आणि त्यांनी माझ्यावर हसलेलं मला खपत नसे. म्हणून मी त्या ओळीला फाटा दिला आणि म्हणालो, "उंच ठेवा आणि कोरडी ठेवा. ओल अजिबात लागू देऊ नका." तिने मान हलवली. तोवर बाकीचे फाटकाबाहेर गेले होते.

उंदीर पुष्कळ मेले. बांध राहिला. माझं नाव झालं.

त्यानंतर आठ दिवस झड लागली. नवव्या दिवशी सकाळी शेतकरी धावत माझ्या खोलीवर आला. बायको चुलीपुढे पडली होती. दोन दिवस डोकं दुखतंय म्हणत होती, आज ओकली आणि छाती आवळते म्हणून खाली बसली ती उठलीच नाही. मी गेलो. झडीमुळे दारं लावलेली होती, घर धुराने भरलेलं. त्या धुरात लसणाचा आणि नासक्या मासळीचा वास होता. तो वास कुणालाच खटकला नव्हता, कारण ज्या घरात सुकट आणि लसूण रोजची आहे तिथे तो खटकणार कसा? मला खटकला, कारण मी मासळी खात नाही.

तिला आधी बाहेर ओटीवर घेतलं आणि दारं सताड उघडली. मग मी वर पाहिलं. चुलीच्या वर बांबूची एक फळी टांगलेली होती. पावसाळ्यात जे जे सुकं राहायला हवं ते ते त्या घरांत चुलीच्या धगीवर ठेवतात: मीठ, काडेपेटी, बियाणं, सुकट, आमसुलं. त्याच फळीवर, आमसुलांच्या मडक्याला टेकून, माझी पुडी होती. वरचं कौल सरकलं होतं. पाणी मडक्यात पडून आमसुलांचं खारट-आंबट पाणी वाहिलं होतं आणि पुडीचा कागद भिजून लगदा झाला होता. ओल लागली की त्या पावडरीतून विषारी वायू सुटतो, आंबट लागलं तर फारच लवकर. हे मला शिकवलेलं होतं. मी नाकातोंडाला पंचा बांधला, काठीने तो लगदा सुपात ओढला आणि विहिरीपासून लांब खड्डा खणून पुरला.

चौघांनी तिला डोलीतून सडकेपर्यंत नेलं आणि तिथून एस.टी.ने म्हसळ्याला. डॉक्टर म्हणाले, यावर उतारा नाही, मोकळी हवा आणि नशीब. दोन दिवस त्यांनी ठेवून घेतलं. ती वाचली.

वाचली आणि मग खरं सुरू झालं. सुनेने विष चुलीवर ठेवलं, म्हणजे ते अन्नात पडावं म्हणूनच ठेवलं, असं आधी विहिरीवर कुणी तरी बोललं. कुणी म्हणालं, स्वतः खायचं होतं. म्हातारीलाही ते दोन दिवस डोकेदुखी झाली होती, तेवढा पुरावा पुरला. सून सांगत होती, भाऊसाहेबांनीच सांगितलं उंच आणि कोरडी ठेवा. त्यावर सासू म्हणाली, "शिकल्याला मानूस असा कसा सांगंल?" तिला चुलीजवळ येऊ देईनात. नवरा मान खाली घालून राहिला. शेवटी तिला कायमची माहेरी धाडायचं ठरलं आणि तळा गावी तिच्या भावाकडे निरोप गेला.

हे सगळं मला रोजच्या रोज कळत होतं. मी तालुक्याला पाठवायच्या कागदावर 'शेतकऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' असं लिहिलं आणि सही केली. आपण बोललो तर नोकरी जाईल अशी भीती होती. ते खोटं आहे. नोकरी गेली नसती. माझी लाज जाईल ही भीती होती. चार दिवस मी भाताच्या वाढीची नोंद करत बसलो. अक्षर सुरेख आलं.

पाचव्या दिवशी सकाळी तिचा भाऊ सडकेवर उतरून मलाच घराची वाट विचारायला आला; या गावात तो पहिल्यांदाच येत होता. त्याला एवढंच विचारायचं होतं. मी छत्री घेतली आणि त्याच्याबरोबर गेलो. ओटीवर तिचं बोचकं बांधून ठेवलेलं होतं. म्हातारी, शेतकरी, शेजारपाजारचे दोघे-तिघे बसलेले. मी उभ्याउभ्याच सांगितलं की पुडी उंच आणि कोरडी ठेवा हे मीच सांगितलं होतं. राहत्या घरात ठेवू नका असं पत्रकात लिहिलेलं असून मी ते सांगितलं नाही. तुमच्या घरात याहून उंच आणि कोरडी जागा नाही. तिने मी सांगितलं तसंच केलं.

म्हातारीने सरकून ओटीवर जागा केली. मग भावाला म्हणाली, "बस. च्या घेऊन जा." आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "आधन ठेव."

सून दारातून पुढे आली. तिने आत न्यायला बोचकं उचललं. तिचे ओठ अजून पांढरे होते.

"ह्याच मी समद्यांना सांगत व्हते," ती मला म्हणाली. "भाऊसाहेब, तुमी चार दिस कुठं व्हता?"

मी गावातच होतो, देवळामागच्या खोलीत. तिला ते माहीत होतं.