परंड्याच्या तटावर

उन्हात तापलेल्या लोखंडाचा वास आला की मला परंड्याच्या किल्ल्यावरची तोफ आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाईंना विचारून हे मला भूमहून एसटीनं किल्ला दाखवायला घेऊन गेले होते. तेव्हा आमच्याकडं बाई नवऱ्याच्या मागंच चालायची, चार पावलं सोडून. तटावर मात्र वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. तोफेपाशी थांबून हे म्हणाले, "इथं कोन बघतंय? शेजारनं चाल की." डोक्यावरचा पदर घट्ट धरून मी अख्खा तट त्यांच्या शेजारनं चालले. दरवाजाबाहेर बाजारची माणसं दिसली आणि मी आपसूक मागं राहिले. मी गाठावं म्हणून हे हळू चालू लागले, तशी मीही हळू चालू लागले, तेव्हा मागं वळून हे लई हसले. त्याच वर्षी तापानं हे गेले. बायकांनी स्मशानात जायचं नसतं, म्हणून मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि माणसं त्यांना खांद्यावर घेऊन गल्लीच्या वळणाआड गेली. अजूनही रस्त्यानं एकटी चालताना माझं पाऊल मागं रेंगाळतं. पुढं हळू होणारं मात्र कुणी नसतं.