वरच्या आळीचं पाणी

इटलीतल्या त्या डोंगरमाथ्यावरच्या गावात चर्च पाहून झालं. सरदारांच्या थडग्यांवर इतका संगमरवर होता, की मेल्यावरही त्यांना जागा पुरली नसावी. तहान लागली म्हणून माझ्या बायकोने, मेधाने, खालच्या चौकातल्या दगडी नळावर बाटली भरली.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला. त्याने बाटलीतलं पाणी ओतून दिलं आणि खुणेनेच आम्हाला चढावरून वरच्या आळीत नेलं. वळणावळणावर तो गुडघा धरून थांबत होता. वर पोचल्यावर तिथल्या नळाचं पाणी त्याने भरून दिलं.

शेजारीच त्याच्या मुलीचं कॉफीचं दुकान होतं. ती इंग्रजीत म्हणाली, “दोन्ही नळांना एकाच टाकीचं पाणी येतं. दुकान इथे वर असलं, तरी मी लग्न करून खालच्या आळीत गेले. आता बाबांचे गुडघे गेलेत, तर माझ्याकडे राहायला या म्हणते. पण हे ऐकतील तर ना!”

म्हातारा काहीतरी गुरगुरला. तिने सांगितलं, “म्हणतात, खालच्यांनी आधी कबूल करावं, पाणी वरचंच गोड.”

मग तो माझ्याकडे पाहू लागला. मेधा मराठीत पुटपुटली, “खरं काय ते सांग. पोरगी टेकीला आलीय.”

सरदारांचा अभिमान पाहायला तिकीट लागलं होतं. या म्हाताऱ्याचा पाहायला फक्त चढ चढावा लागला. मी प्यायलो. पाणी गार होतं आणि मला धाप लागली होती.

“वरचंच गोड,” मी म्हणालो.

मुलीने कपाळावर हात मारला. म्हातारा काठीशिवाय ताठ उभा राहिला.

“शेवटी तूही आपल्या गावात वरच्या आळीचाच,” मेधा म्हणाली.

मी नाकारलं नाही. बाटली पुन्हा काठोकाठ भरून घेतली.