शेवटच्याचं पान

कुंभकोणमच्या आमच्या कॉलेजात मी एकदा असा नियम लिहिला की एकही कॉम्प्युटर त्यात बसेना, प्राचार्यांचासुद्धा. दोष मी कीबोर्डला दिला. ही नव्वदीतली गोष्ट. नेटवर्कवरच्या कॉम्प्युटरांची नावं नियमाप्रमाणे तपासणारा प्रोग्राम, म्हणजे पार्सर, मी लिहीत होते. नावाच्या शेवटी जोडरेघ चालत नाही, म्हणून नियम केला: अक्षरं, आकडे, जोडरेघा येतील तेवढी घ्या, मग शेवटी एक अक्षर किंवा आकडा हवाच. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर मला परत टायपिंगच्या वर्गावर धाडणार होते. आणि ही शहाणी कीबोर्ड पुसत बसली होती.

त्या दिवशी लाइन जोडायला तिरुच्चीहून एक गृहस्थ आले होते. कॉफी पेल्यातून वाटीत ओतून निववत बसले होते. त्यांनी कागदावर एक नाव लिहिलं आणि “येतील तेवढी” म्हणत त्यावरून पेला सरकवला. शेवटचं अक्षरही झाकलं गेलं. “शेवटी एक हवंच” या अटीसाठी काहीच उरलं नाही.

मी नियम बदलला: शेवटची अट काढली, आणि पुढे अक्षर किंवा आकडा असेल तरच जोडरेघ घ्यायची. नावं पटापट पास झाली.

निघताना ते म्हणाले, “मॅडम, पहिल्याच पाहुण्याने सगळा भात संपवला, शेवटचा उपाशी राहिला, आणि तुम्ही रागावलात केळीच्या पानावर.”