मोसंबीच्या सालींचं पाणी

मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्यामुळे मला बाटल्यांची भीती नाही आणि जाहिरातींवर विश्वास नाही. फरशी पुसायच्या रंगीत पाण्याच्या बाटलीवर हिरवं पान छापलेलं असतं. आत पान नसतं, हे मी बाटली न उघडता सांगू शकते. आमच्याकडे बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की पुसलेली फरशी वाळली की तिच्यावर पांढरी झाक येते आणि घर न पुसल्यासारखं दिसतं. विकतच्या बाटल्यांनी ती झाक कधी गेली नाही, नुसता वास मागे राहिला. शेवटी मी म्हटलं, हे आपलंच काम आहे.

कॉलेजच्या रस्त्यावर एक ज्यूसवाला आहे. त्याच्याकडून मी मोसंबीच्या साली आणायला लागले. एक वाटी गूळ, तीन वाट्या साली, दहा वाट्या पाणी, हे सगळं प्लास्टिकच्या बरणीत भरायचं आणि तीन महिने ठेवायचं. पहिल्या महिन्यात रोज झाकण सैल करून आतला वायू जाऊ द्यायचा. हे मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना बजावून सांगितलं आणि स्वतः दोन दिवस विसरले. बरणीचं झाकण उडून थेट पंख्याला लागलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर साली चिकटल्या, त्या खरवडता खरवडता माझी रविवारची दुपार गेली. पण तीन महिन्यांनी जे पाणी गाळून निघालं, त्यानं माझ्या फ्लॅटमधल्या टाइल्सवरची ती पांढरी झाक दोन हातांत साफ केली. मग काय, मी सुटलेच. ज्याला त्याला बाटल्या वाटल्या, कृती सांगितली, न विचारता सल्ले दिले. माझ्या अंगात तेव्हा एक वेगळाच जोर आला होता, हे कबूल करते.

त्याच वर्षी पावसाळ्यात मुखेडला आई पडली. आई तिथं एकटीच राहते. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले, बाकी ठणठणीत. सकाळी न्हाणीतून बाहेर आली आणि पाय सटकला. उजवं मनगट मोडलं. मी विचारलं, "कशी पडलीस?" तर म्हणाली, "माशा लई झाल्या म्हणून फेनाइल टाकलं होतं. जास्त पडलं. सटकले."

माझा मोठा भाऊ पुण्याला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. प्लास्टर घातलं त्या दिवशी तो आला आणि दवाखान्याच्या बाकावर बसून मला स्पष्टच म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. तिथं ती नीट राहते असं दिसलं तर ठीक. नाहीतर मी तिला घेऊन जाणार, मग कुणी रडून उपयोग नाही." त्याचं काही चुकत नव्हतं. पण आईनं ते ऐकलं आणि घरी आल्यावर माझा हात धरून म्हणाली, "चौथ्या मजल्यावर मी काय करू गं? मला हितून हलवू नका." आईनं माझ्याकडे आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं.

आता तुम्ही म्हणाल, फरशी पुसायला बाई ठेवावी. ठेवली होती. घरभर पुसायची, पण पुजेच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी आई तिला थांबवायची. अंघोळ करून, तिथली जागा स्वतःच्या हातानं पुसून, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पुजेला बसायचं, हा तिचा लग्नाआधीपासूनचा नेम. पूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोटही नाही. मी एकदा म्हटलं, "आई, पुसू दे की तिला." तर म्हणाली, "पुजंची जागा दुसऱ्यानं पुसल्यावर पूजा बी दुसऱ्यानंच करावी की."

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की आईला उकिडवं न बसता, न घसरता, रोज सकाळी तेवढी वाट आणि तेवढी जागा पुसता आली पाहिजे. हा प्रश्न मला एकदम सोपा वाटला. भावानं लांब दांड्याचं सपाट पोछ्याचं यंत्र पाठवलं होतं. त्याचं निळं केसाळ कापड आईनं बोटानं चाचपलं आणि म्हणाली, "हे पाणी पीत न्हाई, नुसतं फिरवतंय." आणि खरंच होतं ते. मग तिनं जुन्या सुती लुगड्याचे तुकडे काढले. मनगट बरं झाल्यावर चार पदर एकावर एक ठेवून वाकळीला घालतात तसे लांब धावदोरे घातले, आणि उशीच्या अभ्र्यासारखी पिशवी शिवून ती त्या सपाट पट्टीवर चढवली. पुजेच्या जागेची पांढरी, स्वयंपाकघराची हिरवी काठाची, ओसरीची सगळ्यात जाड. वापरली की काढायची, गरम पाण्यात सोडा टाकून उकळायची, दोरीवर वाळत घालायची. मी एक लातूरला आणली. ती अजून चालू आहे, आणि त्या निळ्या कापडाचं काय झालं कुणास ठाऊक.

पाण्याची बाजू अर्थातच माझी. मी मोसंबीच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन घेऊन एसटीत बसले, उदगीरला गाडी बदलली, कॅन मांडीवर धरून मुखेडला उतरले. आई बाजारात गेली होती. म्हटलं, तिला चकितच करू. न्हाणीच्या दारापाशी फरशीवर फेनाइलचा थर असणार असं मी गृहीत धरलं, म्हणून पाणी न मिसळता तसंच ओतलं आणि चांगलं मुरावं म्हणून चहा करत बसले. अर्ध्या तासानं येऊन पुसलं, तर फरशीवर परातीएवढा पांढुरका डाग. पुन्हा पुसलं. डाग तसाच. ओलं होतं तोवर बरं दिसायचं, वाळलं की पुन्हा वर यायचा.

आईची फरशी शहाबादी आहे. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. चुनखडीवर आम्ल पडलं की काय होतं, हे मी दरवर्षी फळ्यावर समीकरण लिहून शिकवते. पोरांनी चुकवलं तर गुण कापते. आणि मीच आईच्या फरशीवर आम्ल ओतून, बशीत चहा ओतून पीत बसले होते. आठवड्याला खोबरेल तेलाचा बोळा फिरवून फिरवून आईनं त्या दगडाला आणलेली चकाकी मी अर्ध्या तासात घालवली. मला स्वतःचा इतका राग आला, की कॅन उचलून मी मोरीपाशी नेला आणि सगळं ओतून देणार होते.

तेवढ्यात आई आली. पिशवी खाली ठेवून तिनं डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माझी फरशी खाल्लीस की गं माय!" म्हणाली. मग जेवताना, झोपताना, मध्येच आठवेल तशी ती मला चिडवत राहिली. "पोरींना बी हेच शिकवून राहिलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीतून बाहेर आली ती तिथंच उभी राहिली. मला वाटलं, पुन्हा सुरू होणार. पण ती ओला पाय त्या डागावर घासत होती, मग बाजूच्या चकाकत्या दगडावर, मग पुन्हा डागावर. "हितं ये," म्हणाली. "पाय ठिव. हितं पाय धरून राहिलाय. तिकडं बघ, सटकतंय."

मी चप्पल काढून पाय ठेवला. ती म्हणत होती ते खरं होतं. आम्लानं वरची चकाकी खाल्ली होती आणि खालचा दगड खरबरीत झाला होता. मी आनंदानं ओरडलेच. आईनं लगेच हुकूम सोडला, "न्हाणीपासून पुजेपर्यंत करून टाक. सरळ कर, वाकडं न्हाई पाहिजे."

मग आम्ही दोघींनी जुन्या लुगड्याच्या हातभर रुंदीच्या पट्ट्या फाडल्या, मोसंबीच्या पाण्यात भिजवल्या आणि न्हाणीच्या दारापासून पुजेच्या खोलीपर्यंत एकीपुढे एक अंथरल्या. अर्ध्या तासानं उचलल्या, आम्ल मरावं म्हणून सोड्याच्या पाण्यानं जागा धुतली, मग साध्या पाण्यानं. वाळल्यावर काळ्या फरशीवर फिकट रंगाचा सरळ पट्टा उठला. रोजच्या पुसण्यासाठी मी वेगळं पाणी करून दिलं, दगडाला न खाणारं. मूठभर रिठे रात्री भिजवून सकाळी उकळायचे, कडुलिंबाचा पाला आणि गवती चहाची पात टाकायची, गाळायचं, चिमूटभर धुण्याचा सोडा घालायचा, आणि अर्ध्या बादलीला अर्धा पेला, जास्त नाही. जास्त झालं की रिठ्याचा फेस राहतो आणि पुन्हा पाय सटकतो. तेलाचा बोळा मी बंद करायला लावला, पण बाहेरच्या खोलीची चकाकी तिला हवीच होती. तेवढ्यावर आमची तडजोड झाली.

दिवाळीला मी दोन दिवस आधीच गेले. भाऊ रात्री आला. सकाळी त्याला मी पट्टा दाखवला, पोछा दाखवला, पाण्याची बरणी हुंगायला लावली. तो पट्ट्यावर चालून बघत होता. मी म्हटलं, "या फरशीवर आता कुणी पडून दाखवावं." तो हसला आणि फुलं आणायला बाजारात गेला. मी अंगणात पोछ्याची पिशवी पिळत बसले. मनातून मी जिंकले होते.

आई अंघोळ करून बाहेर आली. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत फोन वाजला. तिचा फोन तिथं खिडकीत असतो, कारण घरात दुसरीकडे रेंज येत नाही. आणि आई धावली. गुडघ्याला पट्टा बांधणारी, जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरणारी माझी आई ओल्या पायानं धावली. पहिली दोन पावलं माझ्या पट्ट्यावर पडली. मग ती पट्टा सोडून बाहेरच्या खोलीकडे वळली, चकाकत्या दगडावर पाय सरकला, आणि तिनं दाराची चौकट धरली म्हणून वाचली.

"कुठं पळतेस?" मी ओरडले. ओली पिशवी हातातून पडली होती.

"फोन वाजून राहिलाय की!"

"वाजू दे ना!"

"तुमच्यापैकी कुणाचा असंल म्हणून..." ती अजून चौकट धरून उभी होती, धापा टाकत. "बंद पडला तर पुन्हा करता, पुन्हा करता, मग चिडता. त्या दिवशी बी तूच करून राहिली होतीस."

बोलायचं नव्हतं ते बोलून गेली होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मला तो दिवस आठवला. कॉलेजला उशीर होत होता. माझी जुनी हिरवी शाल तिच्याकडे राहिली आहे का, एवढंच विचारायचं होतं. तिनं उचलला नाही, मी पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि वैतागून फोन पर्समध्ये टाकला. ती तेव्हा मोडक्या मनगटानं जमिनीवर पडलेली होती आणि तिकडे खिडकीत फोन वाजत होता. म्हणजे फेनाइल तिनं आणलंच नव्हतं. ती बाटली कुठं आहे, हे मी इतक्या महिन्यांत एकदाही विचारलं नाही. मी कारण धरून चालले, आणि त्या कारणावर उपाय करत सुटले. मी तिथंच अंगणात बसून रडले. आई जवळ आली, ओल्या हातानं माझं डोकं दाबलं आणि म्हणाली, "फरशी चांगली केलीस की. उगं रडू नकू."

फोन भावाचाच होता. झेंडू आणू की शेवंती, हे विचारायला.

तो आल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. आईनं लपवलेलं मी लपवणार नव्हते, मग तो तिला आजच गाडीत बसवून नेईना का. तो पिशवीतली शेवंती काढून ताटात मांडत राहिला. मग म्हणाला, "मीपण तसंच करतो. गाडी चालवताना लावत राहतो, उचलेपर्यंत." मग आईकडे वळून विचारलं, "तू सांग, काय करायचं?"

आई पुजेवरून उठली होती, कपाळावर भस्म होतं. तिनं क्षणभरही विचार केला नाही. "फोन मी करंन. पूजा झाली, च्या घेतला, की दोघांना बी करंन. तुम्ही सकाळचं करू नका. बस, मला दुसरं काही न्हाई पाहिजे."

भाऊ एकटाच परत गेला. बाहेरच्या खोलीतली चकाकीही जाताना त्यानं माझ्याकडून उतरवून घेतली, आणि आईनं ती उतरवू दिली.

आता रोज सकाळी तिचा फोन येतो. कधी साडेआठला, कधी नऊला, पूजा लांबली तर सव्वानऊला. मी तासावर जायची तयारी करून, पर्स खांद्याला अडकवून बसलेली असते. नऊ वाजून गेले की हात आपोआप फोनकडे जातो. मी फोन लावत नाही. ती एकेक पाऊल जपून टाकत असेल, तिला घाई करायची नाही, असं स्वतःला सांगते, आणि बसून राहते.