मानाचा फेटा बांधलेला पाहुणा

सांगलीतल्या एका मंगल कार्यालयातली ती चोरी निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. नवरीच्या खोलीतून दागिन्यांचा डबा गेला होता. मी तपासाला पोचलो तेव्हा चोर कोण हे ठरूनही गेलं होतं. भांडी घासणारी एक मावशी. लुगडं ओलं, पायात चप्पल नाही. वऱ्हाडातल्या बायकांनी चारचौघांत तिची झडती घेतली होती. काही सापडलं नाही, तरी नवरीचे वडील म्हणाले, "साहेब, असली माणसं बघितली की कळतंच की."

जबाब घेऊन मी तिला सोडलं. आचाऱ्यानं मात्र कामावरून काढलं आणि दुसरीकडेही तिला कुणी उभं करेना.

लग्नाच्या चित्रीकरणात नवरीच्या खोलीतून बाहेर पडणारे एक गृहस्थ दिसले. कडक इस्त्रीचा सदरा, डोक्यावर मानाचा फेटा. मुलीकडचे म्हणाले, "मुलाचे मामा असतील." मुलाकडचे म्हणाले, "छे, ते तिकडचे." चित्रीकरणातून त्यांचा फोटो काढून मी आसपासच्या कार्यालयांच्या व्यवस्थापकांना पाठवला.

काही आठवड्यांनी माधवनगरच्या एका कार्यालयातून व्यवस्थापकाचा फोन आला. "साहेब, तुमचा पाहुणा आलाय. फेटा बांधून पुढच्या रांगेत बसलाय."

साध्या वेशात गेलो, तर रखवालदारानं मलाच अडवलं. "आचाऱ्याची माणसं मागनं जात्यात." राग गिळला. व्यवस्थापकाला बोलावून फेटा बांधून घेतला, मग कुणी अडवलं नाही. त्या गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसलो.

"कुणाकडचे आपण?"

"मुलीकडचा."

"मग मुलीच्या मामांशी ओळख करून द्या की."

हात धुऊन येतो म्हणून तो उठला. मी मनगट धरलं.

ठाण्यात त्याची शहरी भाषा गळून पडली. "फेटा बघून लोकच खुर्ची देत हुते, साहेब. कोण म्हणून पयलं तुमीच इचारलं." डबा त्याच्या भाड्याच्या खोलीत पंचांसमक्ष मिळाला.

वर्तमानपत्रात फोटो छापून आला तो आमच्या ठाण्यात नव्यानं आलेल्या, देखण्या अधिकाऱ्याचा. शिपायापासून फौजदार झालेल्या मला फोटोग्राफर म्हणाला होता, "काका, जरा बाजूला व्हा." ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

दागिने न्यायालयातून सोडवायला आमचा अहवाल लागतो. नवरीचे वडील त्यासाठी आले. अहवाल तयारच होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

"आधी मावशीची माफी मागा."

"तिच्या घरी जाऊन मागतो."

"झडती कार्यालयात घेतली होती."

"बरं, पुढच्या आठवड्यात बघू."

"मग अहवालाचंही पुढच्या आठवड्यातच बघू."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कार्यालयात येऊन, मी बोलावून घेतलेल्या मावशीला सगळ्यांसमोर हात जोडले. मावशी म्हणाली, "मला हात नगा जोडू. ह्या आचाऱ्याला सांगा, मी चोर न्हाई म्हणून." त्यांनी सांगितलं. आचारी म्हणाला, "उद्यापास्नं या मावशी."

"उद्या कशाला? आजची भांडी पडल्यात की." तिनं पदर खोचला.

त्यानंतर घटनास्थळी विचारायचा माझा पहिला प्रश्न बदलला. 'संशय कुणावर?' असं विचारलं की लोक कपडे बघून बोट दाखवतात. मी विचारू लागलो, 'इथं असा कोण होता, ज्याला कुणी काहीच विचारलं नाही?'