डाव्या हाताची निब

निबेवरून माणूस ओळखता येतो, असं माझे मामा म्हणत. ठाण्याला नौपाड्यात त्यांचं पेनदुरुस्तीचं दुकान होतं, दुकान कसलं, जिन्याखालची एक खोपटी. चळवळीची पत्रकं लिहिणं, वाटणं, भिंतींना चिकटवणं यांतून वेळ उरला की मी तिथे निबा घासत बसे. जुनं पेन आलं की मामा ते धोतराच्या सोग्यावर खसाखसा घासून हुंगत. जळक्या रबराचा वास आला तर एबोनाइट, कापराचा आला तर सेल्युलॉइड. मग डोळ्याला भिंग. निबेच्या टोकाला कठीण धातूचा बारीक ठिपका असतो, तो कुठल्या बाजूने झिजलाय ते बघून सांगत: हा दाबून लिहिणारा, हा घाईत लिहिणारा, हा नुसता सह्या ठोकणारा साहेब. पेनाची किंमतही त्यावरच ठरे. निब सोन्याची आहे म्हणून ऐटीत आलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणत, "सोन्याची आहे हो, पण लग्न झालेली आहे. दुसऱ्याच्या हातात नांदायची नाही."

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, पेन एबोनाइटचं होतं. मूळचं काळं, उन्हाने तपकिरी पडलेलं, ड्रॉपरने शाई भरायचं. अण्णा कल्याणला मास्तर होते, राहायला आम्ही ठाण्यातच. सुट्टीच्या दिवशी ते खाडी ओलांडून कळव्याच्या बाजूला जात आणि मिठागरांवरच्या माणसांना लिहायला शिकवत. आधी महिनोन्महिने पाटी. पण ज्या दिवशी माणूस स्वतःचं नाव लिहायला तयार होई, त्या दिवशी त्याची पहिली सही कागदावर आणि अण्णांच्याच पेनाने व्हायची. हा त्यांचा नेम. मिठाने चिरलेली, फावड्याला सरावलेली ती बोटं निब अशी दाबत की तिची दोन्ही पाती फाकून बसत. ती जुळवायचं काम माझ्याकडे.

"अण्णा, शिसपेन्सिल द्या की त्यांच्या हातात!"

"पेन्सिल खोडता येते रे," ते म्हणत. "त्यांचं आजवर पुष्कळ खोडून झालंय."

अंगठ्याचा त्यांना भयंकर तिटकारा होता. वर काय लिहिलंय ते न कळता अंगठे उठवून लोकांची शेतं गेली. 'अंगठा ही सही नव्हे, तोंड दाबल्याची खूण आहे,' हे वाक्य मी त्यांचंच उचलून पत्रकात छापलं होतं.

एका सकाळी मोरीपाशी तोंड धुताना ते खाली बसले. उजवं अंग गेलं, बोलणंही जवळजवळ गेलं. डॉक्टर म्हणाले, "येईल हाताला ताकद हळूहळू." येणारे-जाणारे तेच म्हणत. मला या गोड खोटेपणाची चीड आहे. आजाऱ्याशी खरं बोलायची हिंमत नाही, म्हणून त्याला आशेवर झुलवायचं!

आईने मात्र ते खरं धरलं. त्या दसऱ्याला पाटावर पुजलेलं पेन तिने परत जागेवर नेलं नाही, देव्हाऱ्यात ठेवलं. रोज पूजा झाली की ती निबेला ओल्या कुंकवाचं बोट लावी. हात येईल तेव्हा पेन तयार असावं म्हणून.

मग शाळेचा कारकून घरी आला. रजा संपली होती, नोकरी सोडत असल्याचा कागद करायचा होता. "मास्तर, तुमची सही लागेल. नाहीतर अंगठा चालतो," तो सहज म्हणाला.

अण्णांची मान जोरात हलली. "नाही," हा शब्द स्पष्ट आला. कारकून पुन्हा येतो म्हणून गेला. अण्णांनी डावा हात माझ्यापुढे केला. "पेन."

देव्हाऱ्यातलं पेन काढून पाहिलं तर निबेतून थेंब उतरेना. मामांनी ते कोमट पाण्यात टाकलं. वाटीतलं पाणी निळं व्हायच्या आधी लाल झालं. निबेखालच्या खाचांत कुंकवाचा चिखल बसला होता. "माझ्या बहिणीने हिला सवाष्ण केली की रे," मामा हसत म्हणाले. मग हसणं थांबवून खाचा कोरत बसले.

पेन साफ झालं, पण अण्णांच्या डाव्या हातात ते कागद ओरबाडू लागलं. सबंध आयुष्य उजव्या हाताच्या कलाने झिजलेली निब, ती उलट बाजूने चालेना. मी दुसरं पेन आणून दिलं. अण्णांनी ते बाजूला सारलं.

"टोक डाव्या हाताला घासता येईल," मामा म्हणाले. "पण घासलेलं परत येत नाही. उजव्या हातात ही पुन्हा चालायची नाही. आईला विचार."

आईला विचारलं. तिने चूल फुंकायची थांबवली. "म्हणजे हात येणार नाही, हे तूच ठरवलंस?"

"आई, हात येणार नाही."

"मग छाप की पत्रकात! लाव चौकात भिंतीवर!"

आतल्या खाटेवरून अण्णांचा आवाज आला. "घास."

आई पुन्हा चूल फुंकू लागली. मी मामांच्या तेल लावलेल्या बारीक दगडावर निब घासली.

माझ्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठींवर अण्णा नाव गिरवत राहिले. अक्षरं मिठागरावरच्या माणसांसारखीच येत, मोठी, पडती, एकमेकांना धरून उभी. पण नाव पुरं झालं. त्या दिवशी अण्णा चेहऱ्याच्या चालत्या बाजूने हसले.

कारकून आला. अण्णांनी त्याच्यासमोर सही केली. त्याने पिशवीतून जुना कागद काढून शेजारी धरला. "मास्तर, ही जुळत नाही. वरून परत येईल."

"अहो, माणूस तुमच्यासमोर बसून सही करतोय!" मी ओरडलो. "जुळवताय काय?"

"तू सभेत बोल रे बाबा. मला कागद पुढे पाठवायचाय. अंगठा कुणी जुळवत बसत नाही." आणि त्याने शाईची डबी उघडली.

स्वराज्य आलं, मतं आली, आणि लिहिणाऱ्या माणसाला अंगठा मागणारी ही डबी तशीच राहिली! मी आणखी बरंच बोललो असतो. अण्णांनी मला नजरेनेच थांबवलं. पुरुषाचा अंगठा डाव्या हाताचा घेतात. सही शिकलेला तोच हात त्यांनी पुढे केला. कारकून गेल्यावर आईने पदराने त्यांचा अंगठा पुसला. रंग गेला नाही.

अण्णांनी पुन्हा पेन धरलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

पेन माझ्याकडे आहे. माझ्या हातात ते ओरबाडतं. मामांनी एकदा भिंगाखाली धरलं आणि किंमत न सांगता परत दिलं. दसऱ्याला आई ते पाटावर मांडते. कुंकवाला ती आता हात लावत नाही. लांब भिंतीशी उभी राहून मला सांगते, "तू लाव. टोपणाला लाव, निबेला नको. बुजते."

माझा पूजेवर विश्वास नाही. मी टोपणाला लावतो.