घाटावरचं लाल फडकं

"उंदराला विचारू."

आमच्या आरोग्य केंद्रातले सॅनिटरी इन्स्पेक्टर कोणत्याही प्रश्नाला आधी हेच उत्तर देत. औषधांची पेटी कधी येणार, डॉक्टरांची बदली रद्द होणार का, निवडणुकीत कोण पडणार, काहीही विचारा. करंगळी कानात घालून जराशी हलवायची, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "उंदराला विचारू." सरकारी खात्यात जबाबदारी वर ढकलणारे पुष्कळ जण तुम्हीही पाहिले असतील. खाली, थेट पिंजऱ्यात ढकलणारा मी हा एकच पाहिला.

उंदीर मात्र खरे होते. पांढरे, लाल डोळ्यांचे. ते औरंगाबादहून एस.टी.ने आले. "जिवंत माल हाय, हाफ तिकीट पडंल," असं कंडक्टर म्हणाला आणि इन्स्पेक्टरांनी वाद न घालता तिकीट फाडून घेतलं. मी तिथं कारकून होतो. त्या तिकिटाचा खर्च कोणत्या सदरात घालावा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, आमचा अंबड तालुका औरंगाबादेत मोडायचा. गाव गोदावरीच्या काठावर, पलीकडं बीड. मधे नावेचा घाट. नाव पलीकडून येईपर्यंत लोक काठावर बसून शिंपल्यांचं कालवण खायचे. ते विकायची गोजरमाय. तिचा लेक नाव चालवायचा आणि माय चूल. उतारूंनाच काय, उन्हाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की अर्ध्या भोईवाड्याला तिच्याच पातेल्याचा आधार असे.

पण उन्हाळ्यातच घाटाजवळच्या डोहातलं पाणी थबकायचं आणि त्यावर हिरवी साय धरायची. ती साय शिंपल्यांच्या पोटात जाते आणि शिंपल्यांतून माणसाच्या. एका चैत्रात पुष्कळ जणांना उलट्या झाल्या. गोजरमायचा नातू तर मरता मरता वाचला. तेव्हा वरून हुकूम आला, की घाटावरचे शिंपले तपासत राहा.

तपासणी साधी होती. शिंपले वाटायचे, रस गाळायचा, उंदराला टोचायचा आणि समोर बसायचं. उंदीर लुळा पडला तर घाटावर लाल फडकं. कुरतडत राहिला तर फडकं खाली. गावात बोभाटा झाला, की सरकार शेतातले उंदीर मारायला औषध वाटून राह्यलंय अन् दवाखान्यात उंदीर पाळून राह्यलंय. इन्स्पेक्टरांना हे कुणी ऐकवलं, की ते शांतपणे म्हणत, "बरोबर आहे. शेतातल्यांना नोकरी नाही ना."

पहिला उंदीर लुळा पडला त्या दिवशी त्यांनी घाटावर बाभळीची काठी रोवली, बुडाला दगड रचले, वर लाल फडकं बांधलं. कोतवालाकडून दवंडी पिटवली. दोघा-तिघांनी दवंडी हसण्यावारी नेली, शिंपले खाल्ले आणि रात्रभर ओकले.

सकाळी काठीच्या बुडाशी लिंबू होतं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू. आठवडी बाजारापर्यंत हिरव्या बांगड्या, नारळ, आणि दगडांना शेंदूर. पाण्यातल्या देवी, साती आसरा, कोपल्या, त्यांनीच इन्स्पेक्टराच्या हातून निशाण लावून घेतलं, असं ठरलं. त्यानंतर शिंपल्याला कुणी हात लावला नाही. डॉक्टर खूष झाले. पंचायत समितीचे सभापती जीपमधून आले, फडक्याला हार घातला आणि "आरोग्य आणि अध्यात्म यांचा संगम" या विषयावर बोलले. जीपचं इंजिन त्यांनी चालूच ठेवलं होतं, त्यामुळं संगमाचे तपशील आम्हाला ऐकू आले नाहीत. तिथं आसरामायचं देवस्थान करू, एवढं मात्र स्पष्ट ऐकू आलं, आणि विटाही येऊन पडल्या.

इन्स्पेक्टर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातले. परतताना ते मला म्हणाले, "बाबू, आमच्या बापानं घरातले सगळे देव ह्याच नदीत सोडले. अन् नदी बघा, माझ्याच हातानं एक परत देऊन राह्यली."

"पण काम झालं ना?" मी म्हणालो. "लोक खात नाहीत."

"आता खात न्हाईत. मी फडकं काढीन तेव्हा बघा."

पावसाळा आला, नदीला पाणी आलं, डोह धुऊन निघाला. उंदीर टोचून घेऊन पुन्हा आपला पिंजरा कुरतडायला लागले. इन्स्पेक्टरांनी फेरतपासणी केली, मग पुन्हा एकदा केली आणि गोजरमायकडं गेले. मीही बरोबर होतो.

"माय, शिंपले चांगले झाले. लाव चूल."

माय विझल्या चुलीपाशी बसली होती. उन्हाळाभर ती दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जात होती. "न्हाई रे लेकरा. आसरांनी नको म्हणलंय."

"आसरांनी न्हाई, मी म्हणलं होतं."

"तुझ्या तोंडून त्याच बोलल्या." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मला बी कळतंय थोडं. पर उद्या मी कालवण इकलं, अन् कुणाचं लेकरू नुसतं खोकललं, तर गाव काय म्हणंल? भोईणीनं आसरामायला कोपवलं. मंग माझी चूल तर जाईलच, लेकाच्या नावेत बी कुणी पाय ठेवायचं न्हाई."

यावर उंदराला विचारण्यासारखं काही नव्हतं.

बाजाराच्या दिवशी, घाट उतारूंनी भरलेला असताना, इन्स्पेक्टर आले. काठीपाशी गेले, नारळ एका बाजूला नीट रचले आणि फडकं सोडायला लागले. दोन म्हातारे ओरडले, "सायब, हात नका लावू!"

"फडकं दवाखान्याचं हाय," ते म्हणाले. "तुमच्या देवीला दुसरं आणा, मी न्हाई म्हणत न्हाई. हे सरकारी हाय." त्याची व्यवस्थित घडी करून त्यांनी ती माझ्याकडं दिली. मग डोहात उतरून स्वतः शिंपले वेचले आणि गोजरमायपुढं टोपली ठेवली. "मी खाणार हाय. तू फक्त शिजव. कोपलं कुणी तर माझ्यावर."

मायनं टोपलीतला एक शिंपला उलटून बघितला. मग तिनं चूल पेटवली.

नाव आली तरी कुणी नावेत चढेना. पलीकडून आलेलेही उतरून गर्दीत बसले. माणूस मरतो की नाही हे बघायला एवढी शिस्तबद्ध सभा मी नंतर कधी पाहिली नाही. इन्स्पेक्टर मांडी घालून बसले, भाकरी मोडली आणि जेवायला लागले. भीती त्यांच्या तोंडावर दिसली नाही. दिसली ती भूक. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले,

"माय, मीठ कमी हाय."

गोजरमाय उठून उभी राहिली. "काय म्हणला?"

"मीठ. कमी पडलं जरा."

"ऱ्हाऊ दे! जल्माचं कालवण करून राह्यले मी हितं. जीभ हाय का चपलीचा तळ?" आणि तरातरा येऊन तिनं त्यांच्याच ताटलीतला शिंपला उचलला, तोंडात टाकला, चावला, गिळला. "बिलकुल बराबर हाय!"

घाटावरच्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. आपण काय केलं हे मायला तेव्हा कळलं. तिचा हात तोंडाशी गेला आणि तिथंच राहिला. इन्स्पेक्टर भाकरी बुडवत म्हणाले, "मंग माझीच जीभ बिघडली असंल."

गर्दीतून एक धनगर खांद्यावरची घोंगडी सावरत पुढं आला. "माय, मला बी दे पानावर. बघू कुणाचं खरं हाय."

तो म्हणाला, मीठ कमी. त्याचा साडू म्हणाला, बराबर. मग तंट्याचा निकाल लावायला माणसं पुढं सरकत गेली आणि पातेलं रिकामं झालं. मीही चव घेतली. मीठ बरोबर होतं, किंचित जास्तच होतं. इन्स्पेक्टरांनी ते मुद्दाम म्हटलं का, हे मी नंतर विचारलं. त्यांनी करंगळी कानात घातली. त्यामुळं पुढं विचारलं नाही.

देवस्थानाच्या विटांचा उतारूंना बसायला ओटा झाला. उद्घाटन सभापतींनीच केलं. पुढच्या चैत्रात पाणी हिरवं झालं तेव्हा फडकं गोजरमायनं स्वतः बांधलं आणि पाणी स्वच्छ झाल्यावर स्वतःच सोडलं. फडकं सोडलं की पहिला घास मायनं सगळ्यांसमोर खायचा, अशी रीतच पडली. लिंबू कुणी ठेवलं नाही. ठेवलंच तर ती ते कालवणात पिळायची.

त्याच वर्षी इन्स्पेक्टरांची बदली पलीकडं, बीडला झाली. निरोप समारंभ त्यांनी होऊ दिला नाही. वळकटी आणि ट्रंक घेऊन घाटावर आले. गोजरमायनं लेकाला बाजूला सारलं आणि नावेचा बांबू स्वतःच्या हातात घेतला. नाव काठापासून सुटली तोच इन्स्पेक्टर तिला काहीतरी म्हणाले. काय, ते आम्हाला ऐकू आलं नाही. मायचं उत्तर मात्र सगळ्या घाटानं ऐकलं. नाव लहान होत गेली, पलीकडच्या काठाच्या सावलीत त्यांचा पांढरा सदरा दिसेनासा झाला, तरी पाण्यावरून तिचा आवाज येतच होता, की मीठ बराबर होतं, अन् तुझ्या खात्यातला एक तरी माणूस आणून दाखव, जो न्हाई म्हणंल.